‘बाकीचे’: एका आमदाराच्या कात्रणवह्यांचं प्रकरण

(माणसांची नावं आणि तालुका मुद्दाम दिलेला नाही. नात्यांची हाक मारायची नावं मात्र ठेवली आहेत. त्यांच्याशिवाय हे प्रकरण कळणार नाही.)

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं ‘अ’ वर्गाचं वाचनालय आहे. मी तिथे ग्रंथपाल. 2023 च्या मार्चमध्ये नानांची सून टेम्पोतून तीन पत्र्याच्या ट्रंका घेऊन आली. त्यांना सगळं गाव वहिनी म्हणतं, मीही म्हणतो.

नाना म्हणजे आमच्या तालुक्याचे जुने आमदार. 1962 साली जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या, त्या पहिल्या खेपेलाच ते पंचायत समितीत निवडून आले. 1967 आणि 1972 असे दोनदा विधानसभेत गेले, 1978 ला पडले. पुढची वर्षं खरेदी-विक्री संघ, सोसायटी, शाळा यांत गेली. मंत्रिपद कधी मिळालं नाही. दोन वेळा नाव चर्चेत होतं. त्या चर्चेची कात्रणं मात्र अठरा आहेत.

नानांना जाऊन वीस वर्षं झाली होती आणि जन्मशताब्दी दोन वर्षांवर आली होती. घरच्यांना गौरवग्रंथ काढायचा होता. त्यासाठी ‘जरा नीट लावून द्या आणि स्कॅन करून द्या’ एवढंच वहिनींचं म्हणणं.

ट्रंकांत तेवीस वह्या निघाल्या. वह्या कसल्या, विकास सोसायटीच्या वापरून झालेल्या खतावण्या: लाल कापडी पुठ्ठा, आत जाड चिवट कागद, आणि त्या कागदावर आधीच लिहिलेल्या कर्जाच्या नोंदींवरून बिनदिक्कत चिकटवलेली कात्रणं. नंतर मोजली तर तीन हजार आठशेच्या आसपास भरली.

हे काम तात्यांचं. तात्या नानांच्या कचेरीत होते. ‘स्वीय सहायक’ म्हटलेलं त्यांना आवडत नाही. ‘मी नानांचा कारकून’, एवढंच सांगतात. जिल्ह्याचं दैनिक सकाळच्या एसटीने यायचं, पुण्याचे ‘सकाळ’ आणि ‘केसरी’ दुपारपर्यंत, मुंबईचे ‘लोकसत्ता’ आणि ‘महाराष्ट्र टाइम्स’ दुसऱ्या दिवशी. रात्री जेवणं झाली की तात्या कंदिलाशी, पुढे बल्बखाली, कात्री घेऊन बसायचे. कणकेची खळ घरूनच यायची, कसर लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद. कात्रणाच्या डाव्या कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीने तारीख. वर्तमानपत्राचं नाव मात्र कुठेच नाही.

अडचण

पहिली अडचण नाकाला कळली. ट्रंक उघडली की डांबराच्या गोळ्या आणि जुन्या कागदाचा तो आंबूस वास. वर्तमानपत्राचा कागद लाकूड यंत्राने दळून केलेल्या लगद्याचा असतो. त्यातलं लिग्निन तसंच राहतं. हवा आणि उजेड लागला की ते पिवळं पडतं, कागदात आम्ल वाढतं आणि धागे तुटायला लागतात. घडी पडलेल्या जागी कात्रण आधी जातं. पण इथे एक गंमत होती: खतावणीच्या चांगल्या कागदावर खळीने सपाट बसवलेली 1960 च्या दशकातली कात्रणं बऱ्यापैकी शाबूत होती, आणि सर्वांत वाईट अवस्था 1980 नंतरच्या दोन वह्यांची. तिथे सेलोटेप वापरला होता. टेप सुटून आला होता, पण त्याचा गोंद कागदात मुरून तांबूस पट्टे उरले होते, आणि त्या पट्ट्याखालची अक्षरं तेलकट होऊन पुसट झाली होती.

दुसरी अडचण तारखांची. 1969 पासून 1972 च्या उन्हाळ्यापर्यंत तात्या साखर कारखान्यात नोकरीला गेले होते. त्या काळातल्या तीन वह्या नानांच्या पुतण्याने केल्या. त्याने ना तारीख लिहिली, ना क्रम पाळला. जागा दिसेल तिथे कात्रण.

तिसरी अडचण आमच्या ध्यानात यायला तीन महिने लागले, आणि खरं प्रकरण तिथूनच सुरू होतं. मथळे टिपून घेताना आमच्या सहायक ग्रंथपाल बाई एकदम म्हणाल्या, ‘सर, यात खुलासे फार आहेत हो.’ मोजले तर चौदा. ‘अमुक अंकातील वृत्ताबाबत खुलासा’, ‘त्या आरोपात तथ्य नाही’, ‘वस्तुस्थिती निराळी आहे’. मग ज्या बातमीवर खुलासा, ती बातमी शोधायला लागलो. चौदांपैकी बारा बातम्या वह्यांत नव्हत्याच. उत्तरं होती, प्रश्न नव्हते.

तात्यांना विचारलं. ते त्र्याऐंशी वर्षांचे, कान थोडे मंद, बाकी लख्ख. म्हणाले, ‘ते वहीत कशाला चिकटवायचं? ते बाकीच्यात.’

‘बाकीच्यात म्हणजे?’

‘बोचकं होतं की. माळ्यावर बघा.’

वहिनींनी बघितलं. होतं. धोतराच्या फडक्यात बांधलेलं, वर पुठ्ठ्याची चिठ्ठी, तात्यांच्याच अक्षरात: ‘बाकीचे’.

समोरचे पर्याय

वह्यांचं काय करायचं याबद्दल आमच्यातच दोन तट होते. आमच्या कार्यकारिणीतल्या एका निवृत्त प्राध्यापकांचं म्हणणं, कात्रणं पाण्याच्या हाताने सोडवून घ्यावीत, आम्लमुक्त कागदावर तारीखवार लावावीत, आणि खतावण्या वेगळ्या ठेवाव्यात. अभ्यासकाला तारीखवार मांडणी सोयीची, हे खरं. खळ पाण्याने सुटते, हेही खरं. पण ओला वर्तमानपत्राचा कागद हातात धरून बघितला असेल त्याला ठाऊक आहे की तो भिजल्या पापडासारखा वागतो. शिवाय सोडवली की वही राहत नाही. कुठल्या बातमीशेजारी कुठली लावली, कुठल्या फोटोला अख्खं पान दिलं, कुठे एकाच सभेच्या चार वर्तमानपत्रांतल्या चार बातम्या शेजारी शेजारी बसवल्या, हा सगळा तात्यांचा हात पुसला जातो. पुतण्याची अस्ताव्यस्त वहीसुद्धा काहीतरी सांगते. निदान हे, की त्या तीन वर्षांत नानांच्या कचेरीत शिस्त नव्हती.

लॅमिनेशन हा दुसरा पर्याय. तो आम्ही चर्चेला घ्यायच्या आधीच घरच्यांनी अमलात आणलेला होता. पाचेक वर्षांपूर्वी चांगली चांगली तीस कात्रणं वहीतून फाडून एका दुकानात गरम लॅमिनेशन करून घेतली होती. दिसायला चकचकीत. पण प्लॅस्टिकच्या आत कागदाचं आम्ल आतल्या आत काम करतच राहतं, आणि उष्णतेने चिकटलेला थर आता काढता येत नाही. त्यांतली दोन कडेने फुगून आत दमटपणा शिरला होता. घरच्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. तालुक्याच्या गावात ‘जपून ठेवायचं’ म्हणजे लॅमिनेशन, हे समीकरण दाखल्यांपासून देवाच्या फोटोपर्यंत पक्कं आहे.

तिसरा पर्याय वहिनींचा मूळचा: स्कॅन करा आणि वह्या परत द्या. आम्हाला हा नको होता, आणि केवळ हावरेपणाने नव्हे. कात्रण घरच्यांच्या मालकीचं असलं तरी मजकुराचा प्रताधिकार वर्तमानपत्राचा किंवा लेखकाचा. निनावी बातमीचा प्रताधिकार प्रसिद्धीनंतर साठ वर्षं टिकतो, नावानिशी आलेल्या लेखाचा लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. म्हणजे 2023 साली 1962 पर्यंतच्या निनावी बातम्या मोकळ्या, पुढच्या नाहीत. प्रताधिकार कायद्यात 2012 साली झालेल्या दुरुस्तीने ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी डिजिटल प्रत ठेवता येते, पण मूळ कागदी प्रत ग्रंथालयाकडे असेल तर. वह्या परत गेल्या तर आमच्या संगणकावरच्या चित्रांचं समर्थन लंगडं होणार. म्हणून दानपत्र हवं होतं.

आणि बोचकं. त्याच्याबद्दलचे पर्याय कागदावर मांडायला सोपे होते: घरच्यांना परत देणं, काही वर्षं बंद ठेवून घेणं, किंवा वह्यांच्या बरोबरीने खुलं ठेवणं. पण नानांचे थोरले चिरंजीव, दादा, स्वतः जिल्हा परिषदेच्या राजकारणात आहेत. आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष त्यांचे वर्गमित्र. पहिल्या बैठकीत दादांनी चहा खाली ठेवत सांगितलं, ‘सर, आम्हाला नानांची शंभरी करायचीय. चौकशी आयोग नेमायचा नाही.’

अध्यक्ष हसले. मी हसलो नाही, पण बोललोही नाही. त्या दिवशी बोचकं दादांच्या गाडीतून परत गेलं.

केलेली कामं

बोचक्याचा विषय अडकला तरी वह्यांचं काम थांबवलं नाही. दादांशी ताणून धरण्यापेक्षा आधी वह्यांचं दानपत्र करून घेतलं, बोचकं त्यातून वगळून. प्राध्यापकांना हे पटलं नाही. त्यांच्या मते अर्धवट संग्रह घेणं म्हणजे घरच्यांच्या निवडीवर शिक्का मारणं. त्यांचं चुकत नव्हतं. पण पावसाळा तोंडावर होता आणि ट्रंका वहिनींच्या पडवीत परत जाणार होत्या.

वह्या न सोडवता ठेवायचं ठरलं. मऊ ब्रशने पान न् पान झाडलं, कसरीची अंडी-विष्ठा काढली, गंजलेल्या टाचण्या खालून पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवून काढल्या. जिथे दोन कात्रणं समोरासमोर घासत होती तिथे मध्ये आम्लमुक्त पातळ कागद घातला. फाटलेल्या जागी जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ, हे एका प्रशिक्षित बाईंनी दोन फेऱ्यांत येऊन केलं. आम्ही स्वतः हात लावला नाही. सेलोटेपच्या दोन वह्यांना काहीच केलं नाही, नुसत्या वेगळ्या खोक्यात ठेवल्या. फोटो आधी त्यांचे काढले, कारण त्यांना वेळ कमी आहे.

एक चूक याच टप्प्यावर झाली. आमच्या शिपायाने आपुलकीने, मला न विचारता, चार वह्या चैत्रातल्या उन्हात गच्चीवर उघडून ठेवल्या, दमट वास जावा म्हणून. घरोघरी गोधड्या आणि डाळी अशाच ठेवतात. दोन तासांनी मी वर गेलो तेव्हा उघड्या पानांवरची कात्रणं आणि झाकल्या पानांवरची कात्रणं यांच्या रंगात नजरेला कळण्याइतका फरक पडला होता. त्याला रागावलो नाही. वह्या आल्या त्या दिवशी सगळ्यांना एकत्र बसवून पाच मिनिटं सांगायला हवं होतं, ते मी केलं नव्हतं.

फोटो सपाट स्कॅनरवर काढणं शक्यच नव्हतं. खतावणी दाबली की शिवण तुटते. कॅमेरा उभ्या दांड्यावर लावून, दोन बाजूंनी दिवे आणि खाली काळा कागद. आधी अख्खं पान, मग गरज पडेल तिथे एकेक कात्रण. कोऱ्या पानांचेही फोटो काढले, यावरून आम्हाला थोडी थट्टा सहन करावी लागली. पण 1978 ची वही निवडणुकीच्या निकालाच्या बातमीवर थांबते आणि तिच्यापुढे चाळीस पानं कोरी आहेत. पुढची वही 1980 मध्ये सुरू होते. ती चाळीस पानं सोडून दिली असती तर वाचणाऱ्याला वाटलं असतं की मधली वही हरवली. हरवलेली नाही. तात्यांनी कापलंच नाही. ‘कापायला काय होतं?’ म्हणाले.

मथळे संगणकाकडून वाचून घ्यायचा प्रयत्न फसला. अलीकडच्या ऑफसेट छपाईवर तो बरा चालतो, पण एकेका अक्षराचे शिशाचे खिळे जुळवून छापलेल्या जुन्या मजकुरात जोडाक्षरं तुटकी, शाई पसरलेली, रकाना वाकडा. शेवटी मथळा, तारीख, वर्तमानपत्र, गाव, विषय अशी पाच कप्प्यांची यादी हातानेच केली. दोन महाविद्यालयीन मुलं सुट्टीभर बसली.

वर्तमानपत्रांच्या नावांसाठी तात्यांना आठ दुपारी वाचनालयात आणलं. ते कात्रणाकडे नुसतं बघून नाव सांगायचे. मी विचारलं, कशावरून? त्यांना प्रश्नच कळेना, जणू मी माणूस कशावरून ओळखता असं विचारतोय. मग हळूहळू सांगायला लागले. याचा रकाना अर्ध्या बोटाने रुंद. याच्या मथळ्याखाली बारीक दुहेरी रेघ असते. आणि जिल्ह्याच्या दैनिकाचं कात्रण हातात घेऊन, नखाने एका अक्षरावर टिचकी मारत, ‘हा ण बघा. पाय मोडलाय. ह्यांच्याकडं हा खिळा मोडका होता, वर्षभर तसाच वापरला. पुढं बदलला.’ मुलांनी भिंग लावून पाहिलं. खरंच, त्या वर्षीच्या एकूण एक कात्रणात मथळ्यातला ‘ण’ लंगडा. मुलांनी या खुणांची वेगळी वहीच केली, आणि तिच्यावरून पुढे आम्हीसुद्धा दहातली सातेक नावं बरोबर सांगू लागलो.

पुतण्याच्या बिनतारखेच्या वह्यांना वेगळी युक्ती लागली. कात्रणाची मागची बाजू खतावणीला चिकटलेली, पण पान उचलून खालून दिवा धरला की उलटी अक्षरं झिरपून दिसतात. मोबाइलवर फोटो काढून तो आडवा उलटवला की वाचता येतात. बाजारभाव, लॉटरीचा निकाल, पंचांग, काहीही चालतं. नानांनी एका शाळेची कोनशिला बसवल्याच्या बातमीमागे असंच ‘ओव्हल’ आणि ‘चंद्रशेखर’ हे शब्द उमटले. वाडेकरांच्या संघाने ओव्हलची कसोटी जिंकली ती 24 ऑगस्ट 1971 ला; म्हणजे कात्रण दुसऱ्या दिवशीच्या अंकातलं. त्या शाळेच्या कोनशिलेवर वर्ष आहे, तारीख नाही. शाळेला आम्ही कळवलं.

दिव्याने आणखी एक गोष्ट दाखवली, जी आम्हाला तेवढी सोयीची नव्हती: कात्रणांखालच्या कर्जनोंदी. 1950 च्या दशकातल्या शेतकऱ्यांची नावं, थकबाकी, जामीन. त्यांतल्या बऱ्याच आडनावांची घरं आजही गावात आहेत. सहकाराच्या अभ्यासकाला हे सोनं, आणि नातवाला कदाचित लाज. दिव्यावर काढलेले हे फोटो म्हणून वेगळ्या ठिकाणी, कुलपात ठेवले.

विधानसभेच्या कार्यवाहीचे काही खंड मिळवून वह्यांशी ताडून पाहिले. सभागृहातल्या कामाला वह्यांत फार थोडी जागा आहे. पाझर तलावांवर नानांनी विचारलेले नेमके, टोचरे प्रश्न कार्यवाहीत पानंच्या पानं आहेत. वहीत त्याची तीन ओळींची बातमी. उलट एका सत्कार समारंभाला अडीच पानं. दोष तात्यांचा नाही. वर्तमानपत्रांनी जे मोठं छापलं ते वहीत मोठं झालं. आणीबाणीच्या काळातल्या वह्या तर सर्वांत जाड आहेत. वीस कलमी कार्यक्रमाच्या सभांची भाषणं सेन्सॉरच्या काळात सविस्तर छापून यायची, तीच तीच, गाव बदलून. जाड वही बघून कुणी तो नानांचा भरभराटीचा काळ समजला तर फसेल.

बोचकं उघडलं तेव्हा

दिवाळीनंतर दादांचा फोन आला. गौरवग्रंथाच्या संपादकांना दुष्काळाच्या प्रकरणासाठी मजकूर कमी पडत होता, तर बोचक्यात काही ‘चांगलं’ आहे का बघता का? मी म्हटलं, बघतो, पण तात्यांसमोर आणि तुमच्यासमोर.

टेबलावर पांढरा कागद अंथरून फडकं सोडलं. आतली कात्रणं सुटी, चौघडी घातलेली, म्हणून वह्यांपेक्षा कितीतरी वाईट अवस्थेत. उलगडताना कडा चुऱ्यासारख्या पडत होत्या. 1973 चं एक कात्रण होतं, बंद पडलेल्या एका स्थानिक साप्ताहिकातलं. बहात्तरच्या दुष्काळात तालुक्यात पाझर तलावाचं काम निघालं होतं, खडी फोडायला माणसं, वाटायला सुकडी. तिथल्या हजेरीपत्रकात खोटी नावं घातल्याचा आणि मुकादम आमदारांच्या नात्यातला असल्याचा आरोप. या बातमीवरचा खुलासा वहीत होता, आम्ही वाचलेला होता: ‘सदर कामाच्या पैशांशी माझा कोणताही संबंध नाही.’ बस्स, एक वाक्य.

कात्रणाच्या मागे टाचणीने एक कागद लावलेला होता. टाचणी गंजून रुतली होती. पंचायत समितीच्या सभेच्या नोटिशीच्या पाठकोऱ्या बाजूवर त्या खुलाशाचा कच्चा मसुदा. तीन परिच्छेद. पहिला: मुकादम माझ्या नात्यातला आहे हे खरे आहे. दुसरा: मामलेदारांच्या तपासणीत काही नावं जादा आढळली असून मुकादमास कामावरून दूर करावे असे मीच कळविले आहे. तिसरा: कामाच्या पैशांशी माझा संबंध नाही. पहिल्या दोन परिच्छेदांवर निळ्या पेन्सिलीची आडवी रेघ.

दादा बराच वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, ‘तात्या, हे खोडलं कुणी? पेपरवाल्यांनी?’

‘नाही. नानांनीच. मी पाकिटाला डिंक लावत होतो. म्हणाले, थांब जरा.’

‘पण यात तर नाना बरोबरच होते की! काढायला सांगितलं होतं त्याला.’

तात्या म्हणाले, ‘मुकादम तुमच्या आत्याचा दीर ना हो.’

दादा गप्प बसले. वाचनालयाच्या हितासाठी त्या क्षणी काही बोलायचा मोह मला झाला होता. बोललो नाही ते बरं झालं. चार दिवसांनी त्यांनीच सांगितलं की बोचकं ठेवा, पण आत्या आहे तोवर हे छापू नका.

मग वकिलांकडून पुरवणी दानपत्र केलं. बोचक्यातल्या प्रत्येक कात्रणाचा मथळा यादीत खुला. मूळ कागद आणि चित्रं, लेखी अर्ज करणाऱ्या अभ्यासकाला वाचनालयात बसून बघता येतील, उतरवून घेता येतील. प्रसिद्ध करायला 2034 पर्यंत मनाई. आमच्या प्राध्यापकांना मुदत लांब वाटली, अध्यक्षांना आखूड. आत्यांचं वय लक्षात घेतलं तर मला ती रास्त वाटते.

निष्पत्ती

वह्या आता लोखंडी कपाटात आडव्या आहेत, एकीवर एक दोनपेक्षा जास्त नाहीत. चित्रांच्या तीन प्रती तीन ठिकाणी. इंटरनेटवर फक्त यादी आहे. चित्रं वाचनालयाच्या संगणकावर. यामुळे नाराजी येते. पुण्याहून, एकदा तर दुबईहून फोन आला की आमच्या आजोबांचा नानांबरोबरचा फोटो तेवढा पाठवा. मोकळ्या झालेल्या वर्षांतला नसेल तर वर्तमानपत्राची परवानगी लागते, हे दर वेळी समजावून सांगावं लागतं.

यादीत प्रत्येक खुलाशापुढे आम्ही एक कप्पा वाढवला: ‘मूळ बातमी कुठे’. चौदांपैकी अकरांपुढे बोचक्याचा क्रमांक आहे, दोहोंपुढे वहीचा. एकाची मूळ बातमी कुठेच मिळाली नाही. तो खुलासा इतका जोरदार आहे की बातमी काय असेल याची उत्सुकता आम्हाला सगळ्यांनाच आहे.

गौरवग्रंथ 2025 साली निघाला. देखणा झाला आहे. दुष्काळाच्या प्रकरणात ते एकच वाक्य छापलं आहे, ‘सदर कामाच्या पैशांशी माझा कोणताही संबंध नाही.’ घरच्यांनी कराराबाहेर काही केलेलं नाही. करार त्यांनी पाळला, आम्हीही पाळतो आहोत. पण ते पान उघडलं की मला खोडलेले दोन परिच्छेद दिसतात.

वेगळं काय करता आलं असतं

तात्यांना आम्ही तीन महिन्यांनी विचारलं. पहिल्या आठवड्यात विचारायला हवं होतं. कात्री कुणाच्या हातात होती, हे वह्या आल्या त्या दिवशीच्या नोंदीत असायला हवं होतं. आमच्या दाखल-पुस्तकात देणाराचं नाव होतं, करणाराचं नव्हतं. पुतण्याशी तर बोलणं झालंच नाही. तो परगावी असतो, फोन करू करू म्हणताना राहिलं, आणि आता त्याला काही आठवत नाही असं तो म्हणतो.

तात्यांच्या आठ दुपारींचं ध्वनिमुद्रण पाचव्या दुपारपासून केलं. आधीच्या चार दुपारी मुलांनी जे टिपलं तेवढंच उरलं. मोडक्या ‘ण’ची गोष्ट दुसऱ्या दुपारची. ती मी इथे आठवणीतून लिहिली आहे.

बोचकं पहिल्यांदा परत जाऊ दिलं, ते आजही खुपतं. सहा महिने ते कुठे होतं, कसं होतं, माहीत नाही. त्या बैठकीत निदान एवढं म्हणता आलं असतं की निर्णय नंतर करू, तोवर मोहोरबंद करून आमच्या कपाटात राहू दे, किल्ली तुमच्याकडे. दादा कदाचित तयार झाले असते. मी अध्यक्षांच्या चेहऱ्याकडे बघत बसलो.

लॅमिनेशन झालेल्या तीस कात्रणांची वहीतली मूळ जागा शोधताना आम्ही फाटलेल्या कडा जुळवत बसलो. वहिनींना विचारलं असतं तर कळलं असतं की फाडण्यापूर्वी त्यांनी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढला होता. हे त्यांनी सांगितलं काम संपल्यावर, सहज, लाडू देताना.

दाखल-पुस्तकाच्या छापील नमुन्यात आता एक ओळ वाढवली आहे. मागच्या महिन्यात एका माजी सभापतींच्या घरून पाच फायली आल्या, प्लॅस्टिकच्या पाकिटांत नीट लावलेल्या. त्यांच्या मुलीला मी त्या ओळीवरचा प्रश्न विचारला: जी कात्रणं फायलीत लावली नाहीत, ती कुठे आहेत?

‘ती होय,’ म्हणाल्या, ‘ती दिवाळीच्या साफसफाईत रद्दीला दिली.’